गिटार : लाकडाची की कर्बतंतूंची ?

संगीताची आवड असलेल्या घरांतून हल्ली एक नवा प्रश्न उपस्थित होऊ लागला आहे. मुलास अथवा मुलीस गिटार घेऊन द्यावयाची असे ठरते. आजोबांचा प्रथमचा विरोध यथाकाल मावळतो. आणि मग दुकानदार दोन वाद्ये पुढे ठेवतो. एक नेहमीची लाकडी. दुसरी काळीभोर, गुळगुळीत, कार्बन फायबरची, म्हणजे कर्बतंतूंची. दुसरीची किंमत ऐकून वडील मंडळी चमकतात, तर तरुण मंडळी म्हणतात की, ही आयुष्यभर टिकेल. ह्या म्हणण्यात तथ्य किती, आणि टिकाऊपणासाठी नादाचा बळी तर द्यावा लागत नाही ना, ह्याचा विचार आज करावयाचा आहे. तो विशेषेकरून नांदेड व लातूर ह्या बाजूच्या कुटुंबांसाठी आम्ही करीत आहो. कारण ह्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी हवेवर अवलंबून आहे.

गिटार हे परके वाद्य, त्याची एवढी चर्चा कशास, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या पेटीवाचून आपली भजने व नाट्यगीते सुनी वाटतील, ती पेटीही मूळची युरोपातलीच. तिच्यावर नभोवाणीने १९४० साली बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. तरी घराघरांतील पेटी काही थांबली नाही. वाद्य कोठून आले ह्यापेक्षा ते घरात रुजते की नाही, हेच शेवटी महत्त्वाचे ठरते.

आता हवेकडे वळू. मराठवाड्यात चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि दुपारच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता २५-३० टक्क्यांपर्यंत उतरते. मृग बरसला की तीच आर्द्रता झपाट्याने वर चढते आणि श्रावणात तर भिंतीही ओलसर लागतात. गिटार करणारे कारागीर मात्र सांगतात की, लाकडी वाद्यास ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. लाकूड हवेतील ओलावा घेते व सोडते, आणि त्याबरोबर रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. गिटारीची वरची तबली जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची. तिच्यावर सहा पोलादी तारांचा मिळून सुमारे ७० ते ८० किलोंचा ताण रात्रंदिवस असतो. अशा स्थितीत उन्हाळ्यात तबली आत दबते, तारा खाली येऊन पडद्यांवर खरखरतात. पट्टीचे लाकूड आकसल्यामुळे पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटांस बोचू लागतात. आणि दुर्लक्ष फारच झाले तर तबलीस उभी चीर जाते. पावसाळ्यात ह्याच्या उलट तबली फुगते, तारा उंच होतात आणि नवशिक्याची बोटे दुखू लागतात.

ह्यात कूलर आणखी भर घालतो. दिवसभर कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट. तो बंद केला की पुन्हा कोरडी. लाकडास कोरडेपणापेक्षाही ही रोजची ओढाताण अधिक जाचते. म्हणून कूलरच्या झोताजवळ, अथवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर, खुंटीस गिटार टांगू नये.

कर्बतंतूंची गिटार ह्या सर्व दुखण्यांपासून जवळजवळ मुक्त असते. एका विशिष्ट कृत्रिम धाग्यास प्राणवायू न लागू देता हजार अंशांहून अधिक उष्णता दिली म्हणजे कर्बाचे अतिबारीक तंतू उरतात. त्यांचे विणलेले पदर राळेत भिजवून साच्यात बसवितात आणि ते कठीण झाले की वाद्याचे अंग तयार होते. ते ओलावा नाममात्रच शोषते आणि उष्णतेने फारसे वाढतही नाही. ही कल्पना अगदी नवी नव्हे. हेलिकॉप्टरांचा अमेरिकन कारखानदार चार्ल्स कामन ह्याने १९६६ साली काचतंतूंच्या गोल पाठीची ओव्हेशन गिटार बाजारात आणली, आणि १९७६ साली तिच्याच ॲडमास नामक प्रकारास कर्बतंतूंची तबली बसविली. पुढे हवाई बेटांतील जॉन डेकर ह्या पदार्थशास्त्रज्ञाने त्या शतकाच्या अखेरच्या दशकात संपूर्ण कर्बतंतूंची ‘रेनसाँग’ गिटार सिद्ध केली. बेटावरील पावसाळी हवेत लाकडी गिटारींचे होणारे हाल हेच तिचे निमित्त.

तथापि ‘अमर’ हे विशेषण ह्या वाद्यास लावू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ते ठेवल्यास राळ व डिंक ह्यांस धोका पोहोचतोच. तारा पोलादाच्याच असल्यामुळे उष्णतेने त्या सैल पडतात व सूर थोडा उतरतो. अंग स्थिर राहिले तरी खुंटी पिळावीच लागते. दगडी फरशीवर वाद्य जोराने आपटले तर आतील पदर सुटू शकतात. आणखी एक गोष्ट ग्राहकाने अवश्य विचारावी. सलग तंतूंचे पदर घालून केलेले वाद्य निराळे, आणि प्लॅस्टिकमध्ये तंतूंचे तुकडे मिसळून साच्यातून काढलेले निराळे. दोन्हींच्या कपाळी एकच नाव असते. किंमत, ताकद व नाद ह्यांत मात्र पुष्कळ अंतर असते.

नादाचे काय ? स्प्रूससारखे तबलीचे लाकूड लांबीच्या दिशेने ताठ व आडव्या दिशेने त्या मानाने पुष्कळच लवचिक असते. शिवाय ते उंच स्वरांची कंपने लवकर गिळते; म्हणून त्याच्या नादात एक मऊपणा, ऊब असते. कर्बतंतूंत ही गिळण्याची क्रिया कमी. म्हणून त्यांचा नाद स्वच्छ, लखलखीत आणि लांबणारा. एकेक तार छेडून वाजविणाऱ्यास तो आवडतो. गाण्याला साथ करणाऱ्यास कधी कधी जरा काचेसारखा वाटतो. कुशल कारागीर तंतूंच्या पदरांची दिशा बदलून लाकडाच्या स्वभावाचे अनुकरण करतात, आणि चांगल्या वाद्यात हे अंतर पुष्कळच बुजते. लाकूड वर्षानुवर्षे वाजवून ‘उघडते’ अशी वादकांची श्रद्धा आहे. कर्बतंतूंचा नाद मात्र पहिल्या दिवशी जो, तोच विसाव्या वर्षी.

ह्या बाबतीत डोळे कानांस फसवितात, हेही ध्यानात ठेवावे. इंग्लंडातील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाठ व बाजू तेवढ्या निरनिराळ्या लाकडांच्या, बाकी सर्व सारखे, अशा सहा गिटारी ५२ वादकांना त्या दिसणार नाहीत अशा रीतीने वाजवावयास दिल्या. महाग लाकूड व स्वस्त लाकूड ह्यांतील फरक त्यांना भरवशाने ओळखता आला नाही. आपल्याकडील शिसवीला जगभरच्या गिटारवाल्यांत मोठा मान आहे. परंतु पाठीच्या शिसवीसाठी दुप्पट पैसे मोजण्यापूर्वी हा प्रयोग आठवावा. दुकानातही हीच युक्ती करावी : दोन्ही वाद्यांना सारख्या जाडीच्या तारा लावावयास सांगून, वादकाकडे पाठ फिरवून ऐकावे.

टिकाऊपणाची एक बाजू मात्र ह्या तुलनेत बहुधा राहून जाते. ती म्हणजे दुरुस्ती. मिरजेचे उदाहरण घेऊ. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंबोरे व सतारी घडविण्यास प्रारंभ केला. ह्या दोन्ही वाद्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळा, वर लाकडाची तबली आणि घोडीवर हाताने घासून काढलेली जवारी, असा हा तंबोरा वास्तविक गिटारीहून नाजूक. तरी आजोबांचा तंबोरा नातीच्या हाती गेलेला आपण पाहतो. कारण भोपळा तडकला तर तो सांधणारा, जवारी बसली तर ती पुन्हा उघडणारा हात मिरजेस आहे. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला ह्याच मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. इतक्या कोरड्या मुलखातही तंबोरे टिकले, ते साहित्याच्या बळावर नव्हे, तर निगेच्या व कारागिरांच्या बळावर. लाकडी गिटारीचे तसेच आहे : सुटलेली घोडी चिकटविणे, चीर सांधणे हे जाणत्या कारागिराच्या आवाक्यातले काम होय. कर्बतंतूंचे वाद्य फुटले तर ते सांधणारा आपल्या बाजूस मिळणे कठीण. ते क्वचित बिघडते. पण बिघडले तर आपण हतबल होतो.

आता मुख्य मुद्दा. आमच्या माहितीतील कित्येक घरांतून गिटार उन्हाने तडकत नाही. ती माळ्यावर जाऊन पडते. मूल दहावीच्या पुढे गेले, ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्या सुरू झाल्या, की दोन वर्षे वाद्यास हात लावावयाचा नाही, असा दंडक घातला जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर दोन उन्हाळे काढलेली लाकडी गिटार खाली येते ती बहुधा वाकलेली. कर्बतंतूंची असती तर ती जशीच्या तशी उतरली असती, हे खरे. परंतु त्या मुलाच्या बोटांचे काय ? तारांनी घट्ट झालेली कातडी मऊ पडलेली, ताल विसरलेला, आणि ‘मला येत होते’ एवढीच आठवण शिल्लक. वाद्य अभंग राहिले आणि वाजविणारा हरपला, तर तो टिकाऊपणा काय कामाचा ?

यास्तव आमची सूचना अशी. ज्यास वाद्य घेऊन वारंवार प्रवास करावयाचा आहे, वसतिगृहात राहावयाचे आहे, अथवा ज्याच्या घरी एकही थंड, सावलीची खोली नाही, त्याने ऐपत असल्यास सलग तंतूंची चांगली गिटार खुशाल घ्यावी. तिचा नाद आता हिणविण्याजोगा राहिलेला नाही. इतरांनी त्याच पैशांच्या लहानशा भागात चांगली लाकडी गिटार घ्यावी आणि उरलेले शिक्षकास द्यावे. तिच्यासाठी कठीण पेटी आणि आर्द्रतामापक एवढे घ्यावे. उन्हाळ्यात सच्छिद्र डबीत ओलसर स्पंज ठेवून ती डबी पेटीत ठेवावी, पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि दर आठवड्यास मापकाचा काटा पाहण्याचे काम घरातील एका मुलाकडे सोपवावे. परीक्षेच्या वर्षीही रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे ते वाद्य बाहेर काढू द्यावे. तेवढ्याने गुण घटत नाहीत, असे आमचे मत आहे. आणि लाकडाची गिटार असो वा कर्बतंतूंची, तिच्या आयुष्याची खरी तरतूद त्या पंधरा मिनिटांतच होते.