रांजणखळग्यांकडे सायकलीवरून

ज्वालामुखी म्हटला कीं शंकूसारखा डोंगर व त्याच्या मुखांतून निघणारा धूर, असें चित्र आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढें येतें. आपलें घर ज्या काळ्या दगडावर उभें आहे तोहि अग्निजन्यच आहे, हें त्यांस सांगून पटत नाहीं, दाखवावें लागतें. म्हणून गेल्या मार्गशीर्षांत नात, पुतण्या आणि प्रस्तुत लेखक असें आम्ही तिघें शिरूरहून निघोजपर्यंत सायकलीनें जाऊन आलों. मोटारीनें हें अंतर तासाभरांत संपतें; आम्हीं जाण्यासच सबंध दिवस दिला. सहासष्टाव्या वर्षीं चढावर उतरून सायकल हातीं धरण्यांत लाज कसली?

वाटेंत एका शेतांत नवी विहीर पाहावयास मिळाली. वर काळी माती, खालीं मुरूम, मग ज्यास विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात तो पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ खडक, आणि तळाशीं घट्ट काळा पाषाण. लाव्हारस थंड होतांना त्यांतील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या व पुढें त्या खनिजांनीं भरल्या. तेच हे ठिपके. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या लांबच लांब भेगांतून हा रस थरावर थर पसरला. आज उरलेला त्याचा विस्तारच सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे. शेताचे धनी म्हणाले, “पाणी मांजऱ्यांत लागतंय, काळ्यांत नुसता पैसा जातो.” भूशास्त्राचा एवढा नेमका पाठ मला मॅट्रिकपर्यंत कोणी दिला नव्हता.

टाकळी हाजी व निघोज यांच्या मधून कुकडी वाहते. मळगंगेचें दर्शन घेऊन पात्रांत उतरलों. येथें नदी पाषाणांतील एका अरुंद घळींत शिरते, आणि त्या पाषाणांत असंख्य खळगे पडले आहेत. कोणी ताटाएवढे, कोणी आंत माणूस उभा राहील एवढे. पुरांत आलेला गोटा एखाद्या भेगेंत अडकतो, भोंवऱ्यानें गरगर फिरतो आणि वाळूच्या साहाय्यानें खालचा पाषाण दळूं लागतो. तो झिजून संपला कीं पुढील पुरांत दुसरा येतो. शेजारच्या दोन खळग्यांमधील भिंत फुटली कीं दोहोंचा एक होतो. अमरकोशांत मोठ्या जलकुंभास अलिंजर व मणिक अशीं नांवें आहेत. पण रांजण या शब्दांत पोटाचा जो फुगवटा आहे तो त्यांत नाहीं.

एका लहान खळग्याच्या तळाशीं असा गोटा नातीस सांपडला, लिंबाएवढा, वाटोळा. तिनें तो पिशवींत न टाकतां परत ठेवला. “त्याचें काम अजून संपलें नाहीं, आजोबा.”

मुलांस घेऊन जाणाऱ्यांस एक सूचना. पावसाळ्यांत, अथवा धरणांतून पाणी सोडलेलें असतां, कांठावर जाऊं नये. गुळगुळीत पाषाणावर पाय ठरत नाहीं, आणि आंत पडलेल्यास धरावयास कंगोरा नसतो. त्या रांजणांत प्लॅस्टिकच्या बाटल्याहि दिसल्या. त्यांविषयीं न लिहिणेंच बरें.

नातीची बारावी पुढील वर्षीं आहे. नंतर भूशास्त्र घ्यावें असें ती म्हणते. चिरंजीवांस अभियांत्रिकी हवी. सूनबाईंस, मुलगी उन्हातान्हांत दगड फोडीत हिंडणार कीं काय, ही काळजी. विचारल्याखेरीज बोलावयाचें नाहीं असें मीं ठरविलें होतें. परवां जेवतांना विचारलें, तेव्हां नातीच्या बाजूनें कौल दिला. चिरंजीव अद्याप रुसलेले आहेत.