भिंत थांबली का?

श्रावण तोंडावर आला की डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू होते. झिम्मा, पिंगा, आगोटापागोटा, सगळ्याला बायका पदर खोचून उभ्या राहतात. फुगडीचं नाव काढलं की मात्र निम्म्याजणी भिंतीला टेकतात. "मला नको गं, मला गरगरतं." गेल्या गुरुवारी सहाजणींनी हेच सांगितलं, त्यातल्या दोघी तर पस्तिशीच्याही नसतील. मला फार वाईट वाटलं. या सगळ्यांना फुगडी घालता येते, पण फुगडीत बघायचं कुठे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मलाही ते पडल्यावरच कळलं. नववीत होते. शेजारच्या मंगळागौरीत जोरात फुगडी रंगली आणि माझी नजर गेली छताच्या पंख्याकडे. पंखा, ट्यूबलाइट, दाराचं तोरण, सगळ्याच्या रेघा झाल्या. हात सुटले आणि कोपर पाटावर आपटलं. दुसऱ्या दिवशी मावशीने मला माजघरात उभं केलं. हात अढीसारखे गुंफले, माझ्या चवड्यांना तिचे चवडे भिडवले आणि म्हणाली, "माझ्या चमकीकडे बघ. भिंतीकडे बघशील तर भिंत फिरेल. मी कुठे फिरतेय?" खरंच, मागचं घर नुसतं वाहत होतं आणि मध्ये तिच्या नाकातली चमकी ठिपक्यासारखी स्थिर होती.

मावशीच्या त्या वाक्यात केवढं शास्त्र होतं, हे मी खूप उशिरा वाचलं. दोन्ही कानांच्या आत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. आपण फिरायला लागलो की नलिका डोक्याबरोबर फिरते, द्रव मागे रेंगाळतो आणि त्या ओढीने आतला नाजूक पडदा वाकतो. त्यावरून मेंदूला कळतं, आपण फिरतोय. डोळे लगेच उलट दिशेला सरकतात, झटक्यात परततात, पुन्हा सरकतात, कारण त्यांना समोरचं दृश्य धरून ठेवायचं असतं. ही धडपड आवरायला एखादी स्थिर गोष्ट लागते. फुगडीत ती फक्त जोडीदारणीचा चेहरा असते, कारण आपल्याबरोबर तेवढ्याच वेगाने तीच फिरत असते.

यंदा आमच्यात एक कथ्थक शिकलेली मुलगी आहे. तिचे चक्कर पाहावेत असे असतात: नजर समोरच्या एका बिंदूवर, अंग आधी वळतं, मान सगळ्यांत शेवटी वळते आणि सगळ्यांत आधी परत येते. बॅलेवालेही असंच करतात. साल्सात जोडीदार जागेवर उभा राहून मुलीला हाताखालून फिरवतो, तेव्हा तीही दर फेरीला त्याच्याच तोंडाकडे मान आणते. पण या मुलीने फुगडीतही मान झटकायला सुरुवात केली आणि दर झटक्याला समोरचीचा तोल ढळू लागला. तिला म्हटलं, "अगं, इथे तू एकटी नाहीस. काकूंच्या कुंकवाकडे बघ आणि मान सोडून दे." चौथ्या फेरीला दोघींचे हात ताणले गेले, अंगं मागे झुकली आणि हॉलमध्ये 'फू फू'चा ताल घुमायला लागला.

फिरताना निभावतं, पण गरगरतं ते थांबल्यावर. वीसेक सेकंद एका वेगाने फिरलं की द्रव नलिकेच्या वेगाला येतो आणि फिरण्याची जाणीवच विरत जाते. मग आपण गपकन थांबतो. रवी थांबली तरी ताक डेऱ्यात फिरत राहतं, तसा द्रव पुढे धावतो, पडदा उलटा वाकतो आणि जमिनीवर उभ्या बाईला वाटतं, आपण उलट्या बाजूला फिरतोय. कानातल्या या यंत्रणेच्या अभ्यासासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या नावाची फिरती खुर्ची वैमानिकांच्या प्रशिक्षणात वापरतात. द्रव असा एकदम पुढे धावू नये म्हणून शेवटच्या चार-पाच फेऱ्या मंदावत न्याव्यात. थांबल्याबरोबर धाप लागली म्हणून डोकं खाली घालू नये. द्रव अजून धावत असताना नलिकांची दिशा बदलते आणि माणूस कोसळल्यासारखा होतो. भरल्या पोटी फुगडी नको. ज्यांना कूस बदलतानाही घर फिरतं त्यांनी आधी कान दाखवावेत, तो वेगळा आजार असतो.

बाकीच्यांना सवयीने जमतं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये २९ बॅले नर्तिका आणि २० वल्हेकरी मुलींना अंधारात खुर्चीवर फिरवून पाहिलं. खुर्ची थांबल्यावर नर्तिकांची फिरल्याची भावना लवकर ओसरली. आम्ही रोज दहा फेऱ्यांनी सुरुवात केली आहे, दर दोन दिवसांनी दोन वाढवतो. त्या सहाजणींपैकी चौघी आता भिंत सोडून मध्ये येतात.

थांबल्यावर मावशी हात लगेच सोडत नसे. माझी मनगटं धरून ती तशीच उभी राही, चमकी माझ्या डोळ्यांसमोर, आणि विचारी, "भिंत थांबली का?" मी "हो" म्हटल्याशिवाय तिने कधी बोटं सैल केली नाहीत. काल तालमीत एका काकूंची मनगटं धरून मी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "थांब, अजून जराशी सरकतेय." मी धरून राहिले.