‘बीड’ लिहिलं तर ‘बीड’च वाचता यावं

‘बीड’ हा शब्द कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केला, फाइल दुसऱ्या संगणकावर पाठवली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर सी, एच, एम ही तीन इंग्रजी अक्षरं दिसतात. अशा जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की जिल्ह्याचं नावही गेलं. ‘बीड’ म्हणून शोधलं तर ते सापडत नाही, गावांची यादी अकारविल्हे लावता येत नाही, मोबाइलवर अर्ज वाचता येत नाही. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर लिहिलेलं अक्षर चारशे वर्षांनंतरही मराठी म्हणून ओळखू येतं, आणि काल टाइप केलेला ग्रामसभेचा ठराव शेजारच्या टेबलावर ओळखू येऊ नये, हे मान्य करण्याजोगं नाही.

यावर उपाय म्हणून नवं पॅकेज घ्यायची गरज नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की कीबोर्ड मिळतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. लिनक्स आणि मॅकमध्ये हीच सोय कीबोर्डच्या ‘इनपुट सोर्स’मध्ये असते. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेला इनस्क्रिप्ट आराखडा तिन्हींकडे आहे: डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. एका प्रणालीवर बसलेला हात दुसरीवर नव्याने शिकावा लागत नाही. मुद्दा नेमका इथे आहे. एखाद्या एडिटरला जोडलेली मराठीची सोय त्या एडिटरपुरतीच राहते. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बसवलेला कीबोर्ड नोटपॅड, ब्राउझर, हिशेबाची शीट आणि प्रोग्रॅमरचा एडिटर या सगळ्यांत चालतो. म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयात, शाळेत आणि सेवा केंद्रात संगणक लावतानाच हा कीबोर्ड सुरू करून द्यावा, आणि मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे फाइलमध्ये मराठी अक्षरच साठवणाऱ्या पद्धतीत, स्वीकारावा.

टायपिंगच्या क्लासमध्ये रेमिंग्टन या टाइपरायटरच्या आराखड्यावर हात बसलेल्यांचं काय, हा आक्षेप वजनदार आहे. वर्षानुवर्षांचा वेग ही त्या माणसाची कमाई आहे, ती हिरावून घेऊ नये. पण बोटं कोणत्या कळीवर पडतात आणि फाइलमध्ये काय साठतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेमिंग्टनच्याच कळा दाबून युनिकोड मजकूर देणारे कीबोर्ड उपलब्ध आहेत. त्यांनी ते वापरावेत. नव्याने शिकणाऱ्या मुलांना मात्र इनस्क्रिप्टच शिकवावं. मोबाइलवर बोलूनही मराठी टाइप होते, मग हे कशाला, असंही विचारलं जातं. चार ओळींच्या निरोपाला ते पुरतं. ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या नावांची लांब यादी बिनचूक करायची, तर कीबोर्डच हवा. त्यातल्या ‘तोडणाऱ्या’मधल्या ‘ऱ्या’लाही इनस्क्रिप्टवर ठरलेली जागा आहे: शिफ्ट धरून जे, मग डी, मग य आणि काना.

छापखान्यांची अडचण खरी आहे. मांडणीची जुनी सॉफ्टवेअर युनिकोडची जोडाक्षरं नीट दाखवत नाहीत, म्हणून तिथे जुने फॉन्ट टिकून आहेत. छपाईपुरतं रूपांतर त्यांनी करावं, पण मूळ प्रत युनिकोडमध्येच असावी. जुन्या फायलींचं रूपांतर करणारी साधनं आहेत, तरी त्यांच्यावर डोळे मिटून विसंबणं धोक्याचं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठते. रफाराचीही अशीच उलटापालट होते, आणि चुका तिथेच राहतात. युनिकोडही सुरुवातीपासून परिपूर्ण नव्हतं. ‘ॲ’ या अक्षराला त्यात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टवर त्याच्याऐवजी चौकोन दिसतो. पण तिथे फॉन्ट बदलला की अक्षर परत येतं, कारण फाइलमध्ये ते असतंच. रूपांतराची सुरुवात जमिनीच्या आणि जन्ममृत्यूच्या नोंदींपासून व्हावी, आणि प्रत्येक नाव मूळ कागदाशी ताडून पाहायला माणूस बसवावा.