चष्म्याचा नंबर वाढलेला नाही

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. "अरे, डोळे गेले बहुतेक माझे. हिशेबातले आकडेच दिसत नाहीत."

बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार. दिवाळीत मी मोठ्या हौसेने त्यांना १५.६ इंची फोर-के लॅपटॉप घेऊन दिला होता. शनिवारी घरी गेलो तर काय, एका हातात भिंग आणि दुसऱ्या हाताने मेंटेनन्सच्या नोंदी चालू! डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले होते. नंबर होता तेवढाच.

मग गडबड कुठे आहे? गणित साधं आहे. एका इंचात ९६ पिक्सेल असतात असं विंडोज पहिल्यापासून धरून चालतं. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ९२ असतात, म्हणजे हिशेब जुळतो. बाबांच्या स्क्रीनवर असतात २८२. बारा पिक्सेल उंचीचं अक्षर ९६ च्या हिशेबाने सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास भरतं, इथे जेमतेम एक. बटणांचं आणि खिडक्यांचंही तेच.

"पण ब्राउझर तर छान दिसतो की!" इति बाबा. प्रश्न अगदी बरोबर होता. विंडोजमध्ये स्केलिंग २५० टक्के होतंच, आणि ब्राउझर ते पाळतो. ज्या जुन्या प्रोग्रॅमला यातलं काही कळत नाही, त्याचं चित्र विंडोज स्वतःच ताणून मोठं करतं. थोडं धूसर दिसतं, पण वाचता येतं.

मग बारीक कोण दिसतो? जो खोटं बोलतो तो. प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये एक ओळ लिहिता येते: मला डीपीआय कळतो, माझं मी बघतो. विंडोज त्यावर विश्वास ठेवून बाजूला होतं, आणि हा पठ्ठ्या आपला मोजून बारा पिक्सेलचंच अक्षर काढतो. जावा ८ वरचे कितीतरी स्विंग प्रोग्रॅम असेच. जावा ९ मध्ये, २०१७ साली, ते सुधारलं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे सगळ्यात खालच्या ओव्हरराइडवर टिक करा आणि 'ॲप्लिकेशन'ऐवजी 'सिस्टिम' निवडा. 'सिस्टिम एन्हान्स्ड'ही करून बघा, काही प्रोग्रॅममध्ये अक्षरं जास्त स्पष्ट येतात. मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा. कृपा करून रिझोल्यूशन कमी करू नका. फोर-के चं फुल एचडी केलंत तर पैसे मोजून घेतलेले तीन चतुर्थांश पिक्सेल वाया!

इथवर मी त्या प्रोग्रॅमवाल्यांना मनात यथेच्छ शिव्या घालत होतो. मग आठवलं... काही वर्षांपूर्वी हेच मी केलंय. "स्क्रीन धूसर दिसतो" अशी एका ग्राहकाची तक्रार होती. मी ती एक ओळ टाकली, माझ्या १२५ टक्क्यांच्या मॉनिटरवर बघितलं, धूसरपणा गेला, तिकीट बंद. २०० वर कसं दिसेल हे बघायला पाच मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत. तेव्हा कुणाचे बाबा भिंग घेऊन बसले असतील, देव जाणे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ती ओळ म्हणजे शब्द देणं आहे. पाळता येत नसेल तर देऊ नका. धूसर दिसलं की माणूस सॉफ्टवेअरला नावं ठेवतो. बारीक दिसलं की स्वतःच्या वयाला. तक्रार आपल्यापर्यंत येतच नाही, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

असो. बाबांचं भिंग आता परत पंचांगापाशी गेलंय. सोमवारी ऑफिसात गेलो की पहिलं काम, आपला प्रोग्रॅम २०० टक्क्यांवर उघडून बघणार आहे. तुम्हीही बघा.