लालबाग-परळमध्ये इतके टॉवर झाले, तरी परवडणारं घर का मिळत नाही?

लालबागच्या जुन्या चाळीत आजही काही कुटुंबं महिन्याला काहीशे रुपये भाडं भरतात. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवरच्या टॉवरमध्ये दोन बेडरूमच्या घराचं भाडं लाखाच्या आसपास जातं. विभाग तोच आणि स्टेशनही तेच, पण भाड्यात शेकडो पटींचा फरक.

गेल्या वीस वर्षांत गिरणगावात घरं भरपूर बांधली गेली. घरं वाढली की भाव उतरायला हवेत, असं साधं गणित सांगतं. इथे तसं झालं नाही. त्याचं कारण म्हणजे, लालबाग-परळमध्ये घरांचा एक नाही, तर तीन वेगवेगळे बाजार आहेत.

पहिला बाजार: पागडीची खोली

१९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी गोठवली. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा आहे. पण मूळ भाडंच शंभर-दोनशे रुपये असेल, तर ४ टक्के वाढून किती वाढणार?

एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असं मालक म्हणतात. भाडेकरूंचं म्हणणं असतं की, आम्ही पागडी मोजून खोली घेतली आहे, फुकट राहत नाही. या ओढाताणीत इमारती खंगत गेल्या. दक्षिण आणि मध्य मुंबईत अशा सुमारे १३ हजार उपकरप्राप्त इमारती आजही उभ्या आहेत. रहिवाशांनी भरलेल्या उपकरातून म्हाडाचं मंडळ त्यांची दुरुस्ती करतं.

पागडीची खोली विकता येते आणि १९९९च्या कायद्यानं पागडीला मान्यताही दिली आहे. मात्र खोली दुसऱ्याच्या नावावर करताना मालकाला हिस्सा द्यावा लागतो. मालकी हक्क नसल्यामुळे बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. म्हणजे पगारावर कर्ज काढणाऱ्यासाठी हा बाजार जवळपास बंदच.

दुसरा बाजार: टॉवरमधला फ्लॅट

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीची इमारत उभी असलेली जमीन त्यातून सुटली. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम ठेवला.

साहजिकच परवडणाऱ्या घरांच्या वाट्याला कमी जमीन आली आणि उरलेल्या जमिनीला बाजारभाव मिळाला. लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन २००५मध्ये ७०२ कोटींना विकली गेली होती. २०१२मध्ये ती सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकली गेली. जमिनीवर एवढा पैसा ओतल्यावर बिल्डर तिथे छोटी, स्वस्त घरं बांधत नाही.

फ्लॅट घेतला तर खर्च किती?

समजा, ३ कोटींचा फ्लॅट आहे. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे १८ लाख. महिलेच्या नावावर खरेदी झाली तर १ टक्का सवलत. इमारतीचं बांधकाम सुरू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १५ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. नोंदणी शुल्क ३० हजार.

आता कर्ज. २ कोटी २५ लाख रुपये ८ टक्के दरानं २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ८८ हजार रुपये होतो. हेच घर ७५ हजारांनी भाड्यानं मिळत असेल, तर कुणीही आधी भाड्याचाच विचार करेल.

हाच हिशेब मालकाच्या बाजूनं पाहू. ३ कोटींवर वर्षाला ९ लाख भाडं म्हणजे फक्त ३ टक्के परतावा आणि तोही देखभाल खर्च, मालमत्ता कर वजा करण्याआधी. म्हणून अनेक गुंतवणूकदार भाड्यापेक्षा भाव वाढण्यावर भरवसा ठेवतात आणि घर कुलूपबंद ठेवतात. केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालात, २०११च्या जनगणनेच्या आधारे, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी असल्याचं म्हटलं होतं. टॉवर दिसतो, पण त्यातलं प्रत्येक घर बाजारात नसतं.

तिसरा बाजार: ११ महिन्यांचा करार

सगळ्यात जास्त ताण इथे आहे. केईएम, टाटा आणि वाडिया रुग्णालयांतले डॉक्टर, परिचारिका, उपचारासाठी आलेल्या रुग्णांचे नातेवाईक, लोअर परळच्या ऑफिसांमधले तरुण अशा सगळ्यांना याच पट्ट्यात घर हवं असतं. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो ३ पूर्ण मार्गावर धावू लागली. प्रवास सोपा झाला की त्या भागातल्या भाड्यावर त्याचा परिणाम होतोच.

त्यात पुनर्विकासाची भर पडते. चाळ पाडली की तिथल्या कुटुंबांना बिल्डरकडून दरमहा भाडं मिळतं. मुलांची शाळा, आईवडिलांचा डॉक्टर, मंडळाचा गणपती सगळं इथेच असल्यामुळे ती घर शोधतात तेही इथेच. एका चाळीतली पन्नास-साठ कुटुंबं एकाच महिन्यात बाजारात उतरली, तर वन रूम किचनचं भाडं वाढणारच. शिवाय चाळीतल्या पोटभाड्याच्या खोल्याही पाडकामात जातात. घरं वाढण्याच्या काही वर्षं आधी ती कमी होतात, असा हा उलटा प्रकार आहे.

पुनर्विकासानंतर प्रश्न सुटतो का?

उपकरप्राप्त इमारतीतल्या निवासी भाडेकरूला पुनर्विकासात किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतं. बीडीडी चाळींच्या प्रकल्पात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर आहे. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये चाव्या मिळाल्या. ना. म. जोशी मार्ग आणि नायगावच्या चाळीही याच प्रकल्पात आहेत.

घर मिळालेल्या कुटुंबासाठी हा मोठा बदल आहे. अडचण सुरू होते ती प्रकल्प रखडल्यावर. बिल्डरचं भाडं थांबतं आणि घरमालक मात्र थांबत नाही. म्हाडा कायद्यातल्या दुरुस्तीमुळे रखडलेला प्रकल्प ताब्यात घेण्याचा मार्ग आता आहे, पण तोवर घरभाडं कुटुंबाच्याच खिशातून जातं. नवीन इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, सुरक्षारक्षक यांचा मासिक खर्चही चाळीच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

घर शोधणाऱ्यांनी काय पाहावं?

भाड्यानं घेत असाल तर करार नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून देण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाड्यानं राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं.

विकत घेत असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, पूर्णत्वाची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली आहे, हे तपासा. पुनर्विकासाला संमती देत असाल तर भाडं किती वर्षांचं आगाऊ मिळणार आणि बँक हमी आहे का, हे करारात लिहून घ्या.

या सगळ्यात एक गट मात्र तिन्ही बाजारांबाहेर राहतो. चाळीतली खोली एकच असते आणि भाडेहक्क वारसाने पुढे जातो. घरात दोन भाऊ असतील, तर लग्नानंतर एकाला जागा शोधावी लागते. पागडीसाठी कर्ज नाही, टॉवरचा हप्ता आवाक्याबाहेर आणि भाडं पगाराचा अर्धा वाटा गिळणारं. मग डोंबिवली, बदलापूर किंवा विरार. दर रविवारी तो आईकडे लालबागला येतो आणि रात्रीच्या लोकलनं परत जातो.