ठोके ऐकण्याची घाई

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. दारात मुलगा उभा. "आई, जरा बाहेर येतेस?" एवढेच म्हणाला. बाहेर सोफ्यावर सून आडवी झालेली, ओटीपोटावर जेल चोपडलेले आणि हातात साबणाच्या वडीएवढे एक यंत्र. वायरने जोडलेली त्याची दांडी ती पोटावरून इकडून तिकडे फिरवत होती. जुन्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन लागत नसले की यायची, तशी खरखर त्यातून येत होती. पाऊण तास हा उद्योग चालला होता म्हणे.

"काल ऐकू आले होते हो, आई," ती म्हणाली. "काल ९२ आकडा आला होता. आज काहीच नाही." आणि मग तिला रडू आवरेना.

नववा आठवडा चालू होता. घरात आम्हां चौघांखेरीज कुणाला सांगितलेही नव्हते. यंत्र आठवड्यापूर्वी ऑनलाइन मागवलेले, दोन हजारांच्या आतबाहेर किंमत. मला पत्ता नव्हता. आम्ही त्या रात्री गाडी काढून एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, रक्तस्राव आहे का? पोटात दुखते का? दोन्ही नाही. मग म्हणाले, सकाळी सोनोग्राफी करू, आता घरी जाऊन झोपा. झोप अर्थातच कुणाला आली नाही. यांनी पहाटे चार वाजता चहा केला, आणि आमच्या संसारात ही घटना दुर्मीळ आहे.

सकाळी सोनोग्राफीच्या आधी सुनेला एक फॉर्म भरावा लागला. नाव, पत्ता, ओळखपत्र, आणि शेवटी 'मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही' या निवेदनाखाली सही. मग पडद्यावर जेमतेम तेवीस मिलिमीटरचे बाळ दिसले आणि त्याच्या मधोमध लुकलुकणारा ठिपका. मिनिटाला १७२ ठोके. सगळे ठीक. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी यंत्राची हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि सुनेला म्हणाल्या, "परवाचा तो ९२ आकडा बाळाचा नव्हताच. तो तुमचाच होता."

मी पस्तीसएक वर्षे बँकेत काढली. नवीन लागले तेव्हा एका जुन्या हेडकॅशियरनी सांगितलेली गोष्ट मला तिथे त्या बाकावर बसल्या बसल्या आठवली. तेव्हा सगळे हिशेब हाताने व्हायचे. संध्याकाळी ताळा जुळला की आम्ही नवी पोरे आनंदाने पिशव्या उचलून निघायचो. ते म्हणायचे, "बाई, जुळला म्हणजे बरोबर आहे असे समजू नका. एक चूक पन्नासने जास्त आणि दुसरी पन्नासने कमी असली तरी जुळतो." न जुळलेला ताळा निदान माणसाला रात्री थांबवून शोधायला तरी लावतो. चुकून जुळलेला ताळा घरी पाठवतो. या यंत्राचेही तसेच आहे, आणि न लागणाऱ्या ठोक्यांपेक्षा चुकून लागलेल्या ठोक्यांचा धोका मोठा आहे. पण आधी यंत्र काय करते ते पाहू.

ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तिआन डॉप्लरने १८४२ साली प्राग येथे जोडताऱ्यांच्या रंगांविषयी एक निबंध वाचला. आवाज करणारी वस्तू जवळ येते तेव्हा तिचा स्वर चढतो आणि दूर जाते तेव्हा उतरतो. स्टेशनातून शिट्टी वाजवत जाणारी गाडी ज्याने ऐकली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. हातातले यंत्र सेकंदाला वीस-तीस लाख कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी पोटात सोडते. आत हलणाऱ्या वस्तूवरून तो परतताना किंचित बदलतो आणि तो फरक यंत्र आपल्याला आवाज करून ऐकवते. म्हणजे आपण ऐकतो तो हृदयाचा आवाज नव्हेच. ती हालचालीची यंत्राने केलेली नक्कल. हालचाल कुणाची, हे यंत्राला कळत नाही. आईच्या पोटातली मोठी रोहिणी धडधडत असते, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या वाहत असतात, वारेतून रक्त सळसळत असते. सवयीचा कान हे सगळे वेगळे ओळखतो. बाळाचे ठोके घोडा भरधाव पळावा तसे आणि आईच्या नाडीच्या जवळपास दुप्पट असतात. नाडीवर बोट ठेवून दोन्ही ताडून पाहणे हा परिचारिकेच्या शिक्षणाचा भाग आहे. खोक्यातल्या इंग्रजी कागदावर तो कुठेतरी बारीक अक्षरात असतो.

शिवाय नवव्या आठवड्यात गर्भाशय अजून कंबरेच्या हाडांच्या कटोऱ्यात बसलेले असते. ते वर डोके काढते साधारण बाराव्या आठवड्यात. द्राक्षाएवढा जीव हाडाच्या आड असताना बाहेरून दांडी फिरवणाऱ्याला तो सापडला तर नशीब, नाही सापडला तर त्याचा अर्थ काहीच नाही. बाराव्यानंतरही वार पुढच्या बाजूला असेल, गर्भाशय मागे कललेले असेल किंवा आई अंगाने भरलेली असेल, तर आणखी उशीर होतो.

आता त्या चुकून जुळलेल्या ताळ्याकडे येते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००९ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एका तरुण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. पहिलटकरीण, दिवस बरेच भरत आलेले. बाळाची हालचाल कमी झाल्याचे तिच्या लक्षात आले. तिने घरातले यंत्र लावले, ठोके ऐकू आले, ती निश्चिंत झाली. ती रुग्णालयात पोचली तेव्हा बाळ पोटातच गेलेले होते. तिने ऐकले ते बहुधा स्वतःच्याच नाडीचे किंवा वारेतल्या रक्ताचे आवाज, असे डॉक्टरांनी लिहिले. लवकर गेली असती तर बाळ नक्की वाचले असते असे कुणी म्हणत नाही. पण जाण्याची जी वेळ होती ती त्या आवाजाने खाल्ली. शेवटच्या महिन्यांत हालचाल मंदावली की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे आपल्या आज्या-पणज्याही सांगत. पोटातल्या बाळाला तक्रार करायची दुसरी सोय नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ च्या डिसेंबरात लोकांना बजावले, की ही यंत्रे वैद्यकीय सल्ल्याने वापरायची आहेत, हौसेसाठी नव्हेत. अशा ध्वनीने शरीराच्या पेशी किंचित तापू शकतात. त्यातून इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही, पण रोज तासभर, कुणाच्या देखरेखीविना, नुकत्याच घडत असलेल्या जिवावर त्याचा मारा करण्याचे कारण काय? ब्रिटनमध्ये २०१७ साली विक्रीवर बंधने घालण्यासाठी संसदेत विधेयक मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही.

आपल्याकडे मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. माझा मुलगा १९८८ साली जन्मला. त्याच वर्षी महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा, तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंद, प्रत्येक तपासणीचा कागद, सुनेची ती सही, हे सगळे त्यातूनच आले. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या आपल्या राज्यात १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. हातातल्या या यंत्रात चित्र दिसत नाही, त्यामुळे मुलगा की मुलगी हे त्यातून कळायला मार्गच नाही. तेवढ्यापुरते निर्धास्त राहावे असे मलाही वाटले होते.

मग माझ्या नणंदेचा साताऱ्याहून फोन आला. बातमी फुटलीच होती. मुलाने सोनोग्राफीनंतर आनंदाच्या भरात घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर कळवून टाकले होते. "वहिनी, ठोके किती आले?" मी म्हटले, १७२. पलीकडे क्षणभर शांतता. "बरं, बरं. पहिली बेटी, धनाची पेटी."

मला उलगडा व्हायला वेळ लागला. १४० च्या वर ठोके असले की मुलगी, खाली असले की मुलगा, असा एक समज आहे. अमेरिकेतही आहे, साताऱ्यातही आहे. तपासून पाहिले तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत मुलग्यांच्या आणि मुलींच्या ठोक्यांत तसा फरक आढळलेला नाही. खरे तर सहाव्या आठवड्यात ११० च्या आसपास असलेले ठोके नवव्यापर्यंत १७० च्या घरात जातात आणि मग हळूहळू उतरतात, सगळ्यांचेच. नणंदेच्या हिशेबाने नवव्या आठवड्यात अख्ख्या महाराष्ट्राच्या पोटात मुलीच! मी हसले. पण फोन ठेवल्यावर हसू गेले. माझी नणंद शिकलेली, मायाळू बाई आहे. तिने नुसता अंदाज बांधला आणि पेढ्यांची चौकशी केली. पण दोन मुलींनंतरची तिसरी खेप असलेल्या एखाद्या घरात, दाराला कडी लावून, हाच आकडा कुणी असाच वाचला तर? तिथे सही घेणारे कुणी नाही. यंत्र दारात येते तेव्हा विचारला जातो तो फक्त ओटीपी.

दोष सुनेला द्यावा असे मात्र मला वाटत नाही, आणि त्याचे कारण माझे स्वतःचे आहे.

१९८६ सालचा सप्टेंबर. सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत मी होते. मला अडीच महिने झाले होते. सासूबाईंनी कुणाला कळू न देता चोरचोळी केली होती, देवघरासमोर, दार लोटून. हिरवे खणाचे कापड अजून माझ्या कपाटात आहे. चार दिवसांनी लेजर लिहिता लिहिता कंबर दुखू लागली. बाकी सांगत नाही. दवाखान्यात क्युरेटिंग झाले आणि तिसऱ्या दिवशी मी कामावर हजर. कुणी म्हणाले एसटीच्या धक्क्यांनी झाले, कुणी म्हणाले जाडजूड लेजर उचलल्याने. मी दोन्हींवर विश्वास ठेवला. निदान दहा वर्षे ठेवला. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी दहातली एक-दोन अशी पहिल्या महिन्यांत संपते, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांत मुळात गुणसूत्रांचीच मांडणी चुकलेली असते, हे मला पुढे एका डॉक्टरीणबाईंनी गप्पांच्या ओघात सांगितले. त्यात एसटीचा संबंध नव्हता आणि लेजरचाही नव्हता.

मुलाच्या वेळी पहिले पाच महिने मी रोज भीतीत काढले. तपासणीला डॉक्टरीणबाई ॲल्युमिनियमचा छोटा भोंगा पोटावर टेकवून कान लावत. मला काही ऐकू येत नसे. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहत राही. त्या डोके वर करून "छान आहे" म्हणत. त्या दोन शब्दांवर मी पुढचा महिना काढायचा. तेव्हा बाजारात हे यंत्र मिळत असते तर मी पगारातले पैसे बाजूला टाकून घेतले असते, यात मला शंका नाही. आणि रोज रात्री लावलेही असते. त्याने १९८६ ची खेप वाचली नसती. त्या अवस्थेत थांबलेले हृदय कुणालाच चालू करता येत नाही. मला फार तर ते दोन दिवस आधी कळले असते.

म्हणून बंदी घाला असे मी म्हणणार नाही. बंदी घातलेली वस्तू आपल्याकडे कशी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. प्रशिक्षित हातांत हेच यंत्र उत्तम आहे, खेड्यापाड्यांतल्या परिचारिकांच्या पिशवीत ते असायलाच हवे. पण घरी विकायचे तर खोक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत दोन गोष्टी छापायला काय हरकत आहे? बारा आठवड्यांच्या आत ठोके लागले नाहीत तर घाबरू नका. आणि हालचाल कमी वाटली तर हे यंत्र न लावता दवाखान्यात जा. तिसरी गोष्ट साताऱ्याच्या फोनसाठी.

आमच्या घरी आता पाचवा महिना संपला आहे. गेल्या आठवड्यात सून जेवता जेवता थांबली, चमचा ताटात ठेवला आणि म्हणाली, "आई, आत मासा फिरल्यासारखे झाले." यंत्र माळ्यावर आहे. परवा खालच्या मजल्यावरच्या बाई त्याच्यासाठी आल्या होत्या. त्यांच्या लेकीला नुकतेच दिवस राहिलेत, आणि ती मागच्या वर्षी एकदा या दुःखातून गेली आहे. "पडूनच आहे ना तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. मी त्यांना चहा दिला, लेकीची चौकशी केली. यंत्राचे उद्या सांगते म्हटले. त्याला चार दिवस झाले.