बातमीची वही आणि गोष्टीची वही

शाळा सोडून वृत्तपत्रविद्येच्या शिक्षणासाठीं महाविद्यालयांत गेलेल्या मुलाला घरींदारीं एक प्रश्न हटकून विचारला जातो: "आतां तरी त्या गोष्टी लिहिण्याचा नाद सोडलास ना?" विचारणारे वडीलधारे असतात आणि त्यांचा हेतु चांगलाच असतो. बातमी, संपादन, मुद्रितशोधन, कायदा असे अनेक विषय पदरीं घेतल्यावर त्यांत कथाकवितांचें लचांड कशाला, ही त्यांची काळजी. उलट माझे कांहीं मित्र सांगतात कीं, ज्याला खरोखर लिहावयाचें आहे त्यानें पाठ आणि परीक्षा यांत फार रमूं नये. अभ्यासानें प्रतिभा मरते. मला हीं दोन्ही मतें चुकीचीं वाटतात. तीं कां, हें आपल्या शाळेच्या वार्षिकाच्या वाचकांपुढें, म्हणजे विद्यार्थिबंधुभगिनींपुढें व त्यांच्या पालकांपुढें, मांडावें एवढ्यासाठींच हा लेख.

प्रथम अडचण आहे ती कबूल केली पाहिजे. वृत्तपत्रविद्येचा विद्यार्थी दिवसभर लिहीतच असतो. सकाळीं सभेचा वृत्तान्त, दुपारीं मथळे, सायंकाळीं मुलाखतीचें टिपण; चारशें शब्दांचा मजकूर शंभर शब्दांत आणावयाचा, आणि तोहि पाऊण तासांत. इतर विषयांच्या विद्यार्थ्याला रात्रीं लेखणी हातीं घेणें हा विसावा वाटूं शकेल. आमची लेखणी त्या वेळेपर्यंत शिणून गेलेली असते. पहिल्या वर्षीं एका कथास्पर्धेच्या भरांत मीं एका विषयाचे दोन पाठ वेळेवर दिले नाहींत. त्या विषयांत जेमतेम उत्तीर्ण झालों, आणि स्पर्धेंतहि माझ्या कथेला कांहीं मिळालें नाहीं. दोष स्पर्धेचा नव्हता, विषयाचाहि नव्हता. एकाच रात्रीवर मीं दोन्ही कामांचें ओझें लादलें होतें.

परंतु वेळेची ही ओढाताण लहान म्हणावी अशी एक चूक माझ्या हातून पुढें घडली, आणि ती सांगतांना अजूनहि संकोच वाटतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. पाणीटंचाईवर बातमी लिहून आणण्याचा पाठ आम्हांस दिला होता. मी एका वस्तींतील सार्वजनिक नळावर गेलों. पहाटेपासून हंडे आणि कळशा रांगेंत मांडलेल्या होत्या. कोणीं कोणीं आपली जागा राखण्यासाठीं नुसते दगड ठेवले होते. एक म्हातारी बाई रिकामा हंडा घेऊन परत चालली होती. मीं तिला दोन प्रश्न विचारले, तिनें दोन शब्दांत उत्तरें दिलीं व ती गेली. रात्रीं लिहावयास बसलों तेव्हां तीं उत्तरें मला फार कोरडीं वाटलीं. माझ्यांतला कथालेखक जागा झाला. मीं त्या बाईच्या डोळ्यांत अश्रु आणले, आणि तिच्या तोंडीं आटलेली विहीर व आटलेलें नशीब यांवर एक सुरेख वाक्य घातलें.

दुसऱ्या दिवशीं आमच्या अध्यापकांनीं बातमी वाचली, त्या वाक्यावर बोट ठेवलें आणि एवढेंच विचारलें, "हें तुमच्या वहींत कोठें आहे?" वहींत तें कोठेंच नव्हतें. ते रागावले नाहींत. म्हणाले, "ही बातमी घेऊन पुन्हां तेथें जा, आणि त्या बाईंना वाचून दाखवा."

मी गेलों. बाई रांगेंतच होती. मीं खालच्या मानेनें वाचलें. तिनें शेवटपर्यंत ऐकून घेतलें व म्हणाली, "मी कवा रडले रं? माझा हंडा सातवा हुता. सहाव्यावर पानी गेलं. एवढंच लिव्ह."

आजवर मीं जीं वाक्यें रचलीं त्यांतलें एकहि या बोलण्याच्या तोलाचें नाहीं. पहाटेची ती रांग, तें तासन्‌तास ताटकळणें, एका हंड्यानें हुकलेला दिवस आणि कोणापुढें न रडण्याचा तिचा ताठा, सारें त्यांत आलें होतें. मीं तिला दयेस पात्र असें एक चित्र करून टाकलें होतें; ती मात्र हिशेब मागणारी नागरिक होती. माझी बातमी खोटी झाली हें तर उघडच आहे. पण मला अधिक लागलें तें हें कीं, माझी गोष्टहि वाईट झाली होती. तिसरा प्रश्न विचारण्याचा मीं कंटाळा केला, आणि त्या कंटाळ्याला कल्पनाशक्ति असें नांव दिलें. तेव्हां अभ्यास कल्पनेला मारतो हें म्हणणें मला पटत नाहीं. अभ्यासाचा आळस कल्पनेला खोटें बोलावयास लावतो, हें मात्र मीं अनुभवलें आहे.

मोठ्या लेखकांचीं चरित्रें पाहिलीं तर हेंच दिसतें. चार्ल्स डिकन्स हे १८३६ सालीं 'पिकविक पेपर्स' मासिक भागांनीं लिहूं लागले तेव्हां ते लंडनच्या 'मॉर्निंग क्रॉनिकल'चे बातमीदार होते. लघुलेखनासारखी किचकट विद्या त्यांनीं तरुणपणींच कष्टानें साध्य करून घेतली होती. कोलंबिया देशाचे गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची पहिली कथा १९४७ सालीं 'एल एस्पेक्तादोर' या दैनिकांत आली, तेव्हां ते कायद्याचे विद्यार्थी होते. पुढें ते त्याच पत्राचे बातमीदार झाले. १९५५ सालीं त्या देशाच्या 'काल्दास' या युद्धनौकेवरून आठ खलाशी समुद्रांत पडले. त्यांतील एकच, दहा दिवस तराफ्यावर काढून, जिवंत किनाऱ्यास लागला. वादळानें अपघात झाला असें सरकार सांगत होतें. मार्केस त्या खलाशाबरोबर सहा-सहा तासांच्या वीस बैठका बसले. एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. तेव्हां निघालें तें असें कीं, वादळ नव्हतेंच. नौकेवर चोरून आणलेल्या मालाचें ओझें होतें. तो वृत्तान्त चौदा भागांनीं छापला गेला, आणि मागील अंक मिळविण्यासाठीं वाचकांची झुंबड उडाली. त्यांना १९८२ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. वादळाचें वर्णन करणें त्यांच्या लेखणीस कांहीं अवघड नव्हतें. पण बातमींत त्यांनीं तें केलें नाहीं.

आपल्याकडील उदाहरणेंहि दूरचीं नाहींत. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं 'करमणूक' साप्ताहिक काढलें आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांतूनच क्रमशः दिली. अहमदनगरास १८४२ सालीं अमेरिकन मिशननें सुरूं केलेल्या 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादकत्व कवि नारायण वामन टिळक यांनीं १९१२ पासून १९१९ सालीं देवाघरीं जाईपर्यंत सांभाळलें. अर्थात् दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याचें सारेंच पुरें होतें असें नाहीं. टिळकांचें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य त्यांच्या हातून अपुरें राहिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. कांहीं काम मागें राहील, कदाचित् दुसऱ्याच्या हातून पुरें होईल, हेंहि लिहिणारानें मनाशीं धरूनच असावें.

मग हें जमवावें कसें? मीं त्या प्रसंगानंतर दोन वह्या केल्या. एक बातमीची, एक गोष्टीची. नियम एकच: गोष्टीच्या वहींतलें कांहींहि बातमीच्या वहींत जावयाचें नाहीं. उलट दिशेनें मात्र वाट मोकळी आहे. नळावरचे दगड, सातवा हंडा, हीं बातमीच्या वहींतून गोष्टीच्या वहींत येऊं शकतात, नांवगांव बदलून आणि गोष्ट म्हणूनच. वेळेचेंहि तसेंच केलें. सकाळीं मोबाईल हातीं घेण्यापूर्वींचा अर्धा तास गोष्टीचा. उरलेला दिवस पाठांचा. परीक्षा जवळ आली कीं गोष्टीची वही मिटून ठेवावयाची, आणि त्याबद्दल हळहळ करावयाची नाहीं. या रीतीनें गेल्या वर्षभरांत माझ्या केवळ दोन कथा पुऱ्या झाल्या. संख्या लहान आहे. पण त्या दोहोंतील एकहि वाक्य कोणापुढें वाचून दाखविण्यास मला भीति वाटत नाहीं.

हा प्रश्न केवळ वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांचा नाहीं. इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर कविता लिहिणारी मुलें आपल्या शाळेंतहि असतील. त्यांच्या पालकांस माझी नम्र विनंति आहे कीं, "आधीं परीक्षा, मग हें सारें" असें म्हणून ती वही कुलुपांत घालूं नये. शुभवर्तमानांतील दृष्टांतांत धन्याची ठेव जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकरानें ती हरवली नव्हती. तरी धन्यानें त्याला दोषच दिला. मुलाचा अर्धा तास त्याचा त्याला ठेवूं द्यावा, आणि उरलेल्या वेळाचा हिशेब खुशाल मागावा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसहि एक सांगणें आहे. कविता सुचत होती म्हणून गणित राहिलें, ही सबब सांगूं नका. मींहि ती सांगून पाहिली आहे. तिनें ना गणित सुटतें, ना कविता सुधारते. भूगोलाचा नकाशा नीट काढणारा हात, विज्ञानाच्या प्रयोगांत जें दिसलें तेंच लिहिणारा हात, हाच पुढें चांगली गोष्ट लिहितो. लिहिलेलें वाक्य कितीहि गोड वाटलें तरी तें खरें म्हणून देण्यापूर्वीं स्वतःस एकदां विचारा: हें माझ्या वहींत कोठें आहे? आणि वहींत तें नसेल, तर पुन्हां नळावर जाण्याची लाज बाळगूं नका.

— एक माजी विद्यार्थी